तुमच्यानंतर शेरूचं कोण?

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं. शेवटची पंगत उठली, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, गल्लीतल्या बायका निघताना फाटकाशी थांबून पुन्हा एकदा डोळे पुसून गेल्या. तुमच्या शाळेतल्या जुन्या मुली आल्या होत्या. आता त्यांचेही केस पिकलेत. ‘बाईंनी कधी छडी हातात घेतली नाही,’ असं प्रत्येकीनं सांगितलं आणि मी प्रत्येकीसमोर मान हलवली. तुमच्याविषयी चांगलं बोलायला पुष्कळ माणसं आहेत, तेव्हा ते काम मी त्यांच्यावर सोडते. मला तुमच्याशी भांडायचंय.

आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. उत्तर आल्याशिवाय गणित सोडायचं नाही, असं जन्मभर पोरींना बजावलंत, आणि स्वतः मात्र दुपारच्या झोपेतून उठलाच नाहीत. आता मी कुणाशी वाद घालू? तुमच्या खोलीत शेरू बसलाय. तो माझ्याकडे बघत नाही आणि मी त्याच्याशी बोलत नाही. आमच्या दोघांच्या मधे तुमची रिकामी खाट आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. तुमची बाजू तुम्ही नेहमी आधी मांडायचात, आज माझी पाळी.

हे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. मंदार नोकरीसाठी बंगळुरूला. हैदराबादेत, विद्यानगरच्या या घरात आपण दोघी, नणंद आणि भावजय, एकाच टीव्हीपुढे बसायचो आणि जाहिराती संपल्या की कळायचं, मालिका कुणीच बघत नव्हतं. जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, दूधवाला आला नाही, एवढंच काय ते बोलणं. एक दिवस वर्तमानपत्राची घडी घालत तुम्ही म्हणालात, ‘‘शैले, एक कुत्रं आणावं म्हणायलेय मी.’’

मला चेष्टा वाटली. पण तुम्ही चेष्टा करणाऱ्यांतल्या नाही. मी म्हटलं, आणायचंच तर ओळखीतलं पिल्लू आणू, लहानपणापासून वळण लावता येईल. तर म्हणालात, ‘‘पिल्लू कुणीही नेतं गं. जे कुणी नेत नाही, ते आणू.’’

‘‘आणि आपण कुठं तरुण आहोत?’’

‘‘म्हणूनच तर,’’ म्हणालात.

सिकंदराबादच्या पलीकडे, शहर विरळ व्हायला लागतं तिथं ते प्राण्यांचं आश्रयघर. ऑटोतून उतरल्या उतरल्या फिनेलचा आणि शिजलेल्या भाताचा वास, आणि भुंकणं तर असं की शेजारी उभं राहूनही तुमचं बोलणं मला ऐकू येईना. माझी कल्पना अशी होती की बेवारस कुत्री आहेत, मागितलं की दोरी हातात देतील आणि वर आभार मानतील. कसलं काय! त्यांनी आपल्यालाच बसवलं आणि प्रश्न सुरू. घर स्वतःचं का, भिंत किती उंच, दिवसा घरात कोण, साखळीनं बांधणार का, गच्चीवर ठेवणार का, गावाला गेलात तर काय. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. परत येताना ऑटोत तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘मुलगी बघायला आल्यागत बसवलं की गं आपल्याला. त्या वयात कुणासमोर बसले नाही, आता बसायलेय.’’

आणि त्यांनी नकार दिला. तुमचं वय सत्तरीपुढचं. कुत्रा द्यायचा आणि उद्या तो पुन्हा पोरका व्हायचा, त्यापेक्षा तुम्ही इथंच येऊन त्यांच्यात बसत जा, म्हणाले. मला मनातून बरं वाटलं. विषय मिटला, असं धरून मी त्या रात्री चांगली झोपले. पण तुम्ही खरंच तिथं जाऊन बसायला लागलात! आठवड्याला एकदा, डब्यात पोळ्यांचा कुस्करा घेऊन. बस बदलून, गुडघे दुखत असताना. शेवटी त्यांनाच लाज वाटली असेल. तिथलं सगळं बघणारी नसरीन घर पाहायला आली.

तिनं पहिल्यांदा आपल्या फाटकाच्या गजांतून हात घालून बघितला. ‘‘यहाँ से निकल जाता अम्मा.’’ तुम्ही जाळी मारून घेतलीत. ती पुन्हा आली, पुन्हा सगळीकडे फिरली, मागची मोरीसुद्धा बघितली. मग खुर्चीवर बसून चहा प्याली, आणि कप खाली ठेवत जरा संकोचूनच म्हणाली, ‘‘बुरा नक्को मानो अम्मा. आपके बाद इसकू कौन देखते?’’

मी चिवड्याची बशी घेऊन दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, ‘‘ही.’’

झालं. मला विचारलं नाहीत, माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाहीत. पंख्याचं बटण कुठंय ते दाखवावं तसं मला दाखवलंत. नसरीननं माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, आणि पाहुण्यांसमोर नणंदेचा शब्द खाली पाडायचा नाही असल्या वळणात वाढलेली मी, बशी पुढे करून गप्प राहिले. भांडण ती गेल्यावर सुरू झालं. ते तुम्ही जाईपर्यंत चाललं.

कुत्रं निवडायला मी आले नसते तर बरं झालं असतं. जाळ्यांच्या मागून एकेक जनावर उड्या मारून आपल्याला बोलावत होतं. चांगली लांब केसांची, महागड्या जातीची कुत्रीही होती. हौस फिटली तशी माणसांनी आणून सोडलेली. एक तीन पायांची कुत्री माझा पदर सोडेना. आणि तुम्ही कुठं थांबलात? तर सगळ्यांत शेवटच्या जाळीपाशी, जिथं एक तांबूस कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाठीवर हातभर जागेत केसच नाहीत.

‘‘ये नक्को अम्मा,’’ नसरीन म्हणाली. ‘‘दो बार गया, दोनो बार वापस लाको छोड दिये. पीठ पे जले सो है. किसीके पास आता नै ये.’’

‘‘नाव काय याचं?’’

‘‘शेरू.’’

मला हसू आवरेना. नाव शेरू आणि झाडूचा आवाज झाला की थरथर! मी म्हटलं, नाव तरी बदला. तुम्ही म्हणालात, ‘‘दोन घरांनी दोन नावं ठेवली असतील. आता आणिक किती परेशान करायचं त्याला? राहू दे.’’

आता ते औक्षण. मला ते आठवलं की अजून कळत नाही, हसावं की तुम्हाला दोष द्यावा. माझाही त्यात वाटा होताच. निरांजन मीच तयार करून दिलं होतं. नवीन जीव घरात येतोय, दारात ओवाळून घ्यायला हवं, असं तुमचं म्हणणं, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नवी सून येवो, बाळंतीण येवो, भाऊ परगावाहून येवो, आपण ओवाळतो. तुम्ही उंबऱ्याशी ताट घेऊन उभ्या. मी आधी भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळला, आणि तो टाकण्याआधीच यानं माझ्या हातातून खाऊन टाकला. दृष्ट काढायचा तुकडा ज्याची दृष्ट काढायची त्याच्याच पोटात! आपण दोघी हसलो. आणि त्या हसण्यात तुम्ही ताट पुढे नेलंत, निरांजनाची ज्योत त्याच्या तोंडासमोर.

तो ओरडला. तसा आवाज मी कुत्र्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ताट उडालं, कुंकू भिंतीवर, अक्षता सगळीकडे. उंबऱ्यावरच त्याचे पाय ओले झाले, आणि तो घरात शिरला तो थेट तुमच्या खाटेखाली. नसरीननं सांगितलं होतं की हा भाजलेला आहे. आपण दोघींनी ऐकलं होतं. तरी आपल्या डोक्यात आलं नाही, कारण आपल्याला निरांजन म्हणजे आग वाटतच नाही. तो देवाचा दिवा असतो. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

त्यानंतरचे दिवस, खरं सांगू, मी तुम्हाला शिव्या घालत काढले. तो खाटेखालून बाहेर येईना. तिथंच सगळं करायचा. पुसायचं कुणी? मी. वाळत टाकलेल्या माझ्या दोन चांगल्या साड्या त्यानं ओढून खाटेखाली नेल्या आणि त्यांच्या चिंध्या केल्या. तुमची एकही नाही. पोळीकडे ढुंकून बघेना, तेव्हा नसरीन म्हणाली अंडी द्या. या घरात अंडं! तुम्ही मागच्या अंगणात विजेची शेगडी मांडलीत, वेगळं भांडं आणलंत, आणि तोंड दुसरीकडे वळवून अंडी सोलायला बसलात. वास आला की तुम्हाला मळमळायचं, ते मला दिसत होतं. मी मदत केली नाही. आजही करावीशी वाटत नाही, पण आज मीच सोलली, कारण तुम्ही नाही.

एक मात्र मी लपून बघायची. संध्याकाळी तुम्ही खाटेजवळ जमिनीवर बसायचात, त्याच्याकडे पाठ करून, आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचात. बातम्या, बाजारभाव, राशिभविष्य. त्याला हाक नाही, चुचकारणं नाही, मागं वळून बघणं नाही. मी एकदा विचारलं, हे काय करायलात? म्हणालात, ‘‘गणिताला भिणाऱ्या पोरीकडे बघायचं नसतं. आपण फळ्याकडे तोंड करून शिकवत राहायचं. ती आपली हळूच वही उघडते.’’

आणि एक दिवस तुम्ही मला बोटानं खुणावून बोलावलंत. तोंडानं वाचन चालूच, टोमॅटोचे भाव. शेरूनं खाटेखालून मान बाहेर काढून हनुवटी तुमच्या पावलावर ठेवली होती. तुम्ही हलला नाहीत. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही टोमॅटोचे भाव वाचत होतात. भाऊ गेला तेव्हाही मी तुम्हाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. तेव्हा मी तुम्हाला काही बोलले नाही, आज सांगते. त्या दिवशी मला तुमचा हेवा वाटला.

मग आपल्या घराचं सगळं वेळापत्रकच त्याच्या भीतीभोवती फिरायला लागलं. देवापुढचा दिवा दार लावून लावायचा. उदबत्ती बंद. काडेपेटी कपाटात. दिवाळीला अंगणात एक पणती नाही. गल्लीतले लोक विचारायचे, यंदा घरात काही दुःख झालं का? गणपतीच्या आरतीला तर मला रडू यायचं. यांनी इतकी वर्षं ज्या पाटापुढे आरती म्हटली, तिथं मी एकटी टाळ धरून उभी, मंदार आला असेल तर तो, आणि जन्मभर आरती न चुकवलेल्या तुम्ही मागच्या खोलीत दार लावून शेरूचे कान झाकून बसलेल्या. मी म्हटलं, एवढ्यापुरतं त्याला फाटकाबाहेर बांधा. तुम्ही म्हणालात, ‘‘देव समजून घेतो, शैले. हे जनावर समजून घेत नाही.’’ मी त्यावर दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला.

पण अबोला धरायलाही आधी बोलणं असावं लागतं, हे मला आता कळतंय. हे गेल्यानंतर आपण दोघी बोलणंच विसरलो होतो. शेरू आला आणि सकाळपासून तोंड चालू. यानं हे फाडलं, यानं ते सांडलं, आज भुंकला, अगं खरंच भुंकला, ये लवकर! तो पहिल्यांदा भुंकला तेव्हा तुम्ही सुलतान बाजारातून येताना पेढे आणलेत. वास्तविक तो भुंकला होता माझ्यावर. घरात पुन्हा आवाज आला, वन्सं. तो तुम्ही आणलात. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरं बरं, भाजी लागायलीय बघ खाली.

भांडण मात्र मी सोडलं नाही. मला विचारल्याशिवाय माझं नाव कसं दिलंत? कधी वांगी चिरताना, कधी गोळ्या मोजताना हा विषय निघायचा. मी म्हणायची, तुमच्यानंतर मी त्याला एक दिवस ठेवणार नाही, सरळ नसरीनला फोन करीन. तुम्ही म्हणायचात, ‘‘बघू.’’ मी म्हणायची, बघू नाही, नक्की. तुम्ही पुन्हा ‘‘बघू.’’ गेलात त्या दिवशी सकाळीसुद्धा हेच. कारणसुद्धा आठवत नाही. त्यानं माझी चप्पल नेली होती बहुतेक. ‘‘विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं,’’ मी म्हणाले. तुम्ही चष्मा पुसत होतात. ‘‘म्हणून तर विचारलं नाही,’’ म्हणालात, आणि जेवून झोपायला गेलात.

संध्याकाळ झाली तरी उठला नाहीत म्हणून मी खोलीत आले. शेरू खाटेखाली नव्हता. खाटेवर चढून तुमच्या पायाशी बसला होता. इतक्या वर्षांत तो खाटेवर कधी चढला नव्हता. माणसं जमायला लागली तसा तो गुरगुरायला लागला, कुणाला तुमच्याजवळ जाऊ देईना. मग त्याला मागच्या अंगणात कोंडलं, आणि त्यानं न बघताच तुम्हाला घरातून नेलं. दुसरा काही इलाज नव्हता. पण त्याच्या लेखी तुम्ही त्या खोलीतच होतात.

आणि त्या खोलीत आम्ही दिवा लावला.

रीतच आहे. तुम्ही गेलात त्या जागी दक्षिणेकडे वात करून, दहा दिवस विझू द्यायचा नाही. गुरुजींनी मंदारला बजावून सांगितलं. सुतकात देवापुढचा दिवा बंद आणि तुमच्या खोलीतला चालू. अंगणाचं दार उघडल्यावर शेरू धावत आला तो खोलीच्या दारात खिळल्यागत थांबला. आत तुमचा वास, आणि वाटेत ज्योत. एक पाऊल आत टाकायचा, अंगाला कंप सुटायचा, मागं यायचा. पुन्हा उभा. दिवस गेला, दुसरा गेला, तो त्या उंबऱ्याशीच. खाणं नाही, पाणी नाही. मी तेल घालायला आत जायची तेव्हा माझ्याकडे बघायचा. कधी नव्हे तो बघायचा. मी तेल घालून त्याच्यावरून बाहेर यायची.

मंदार म्हणाला, ‘‘आई, कुत्रा आहे तो. होईल नॉर्मल.’’

मी सोवळ्याओवळ्यातली बाई आहे, वन्सं. तुम्ही मला त्यावरून किती चिडवलंय! यांच्या वेळी त्या दहा दिवसांत मी रात्री उठून दिव्यात तेल घातलंय. पण चौथ्या दुपारी मंदार क्रियेचं सामान आणायला गेला, आणि मी खोलीत गेले आणि दिवा विझवला. चिमटीनं वात दाबली. बोट भाजलं. धूर जाईपर्यंत खिडकी उघडून उभी राहिले आणि मग स्वतः खोलीबाहेर आले.

दिवा कशासाठी असतो? गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. तुम्ही उभ्या हैदराबादेत बसचे नंबर न विचारता फिरलात. तुम्ही काही वाट चुकणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ज्याला वाट मिळत नव्हती तो दारात उभा होता.

तो आत गेला. अंग जमिनीला घासत, थांबत थांबत. खाट हुंगली, उशी हुंगली, दांडीवरची साडी हुंगली. खाटेखाली जाऊन आला. पुन्हा उशीशी आला. मी दाराआडून बघत होते. सगळं हुंगून झाल्यावर तो खोलीच्या मधोमध बसला आणि बारीक आवाजात रडला, फार वेळ नाही. त्यालाही कळलं. मग मलाही पहिल्यांदा मनसोक्त रडू आलं, कारण तोवर माणसांना चहा देण्यातच माझे दिवस गेले होते. संध्याकाळी तो पाणी प्याला.

मंदार आला आणि त्याचा चेहराच उतरला. ‘‘आई, दिवा?’’

‘‘मी विझवला.’’

‘‘अगं पण आत्याचा... गुरुजींना काय सांगायचं?’’

‘‘स्वयंपाकघरात लाव. तुझ्या आत्याला चहासाठी स्वयंपाकघर बरोब्बर सापडायचं.’’

त्यानं लावला. पुढचे दिवस तुमचा दिवा माझ्या ओट्याजवळ होता. राग आला असेल तर येऊ दे.

आता आजचं सांगते. मंदारचं म्हणणं, घर बंद करून मी बंगळुरूला यावं. त्याचं चुकत नाही, पोराला आईची काळजी वाटणारच. त्याच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. ‘‘प्रॅक्टिकल विचार कर ना आई, तुला तर तो कधी आवडलाच नाही,’’ म्हणाला. त्यात खोटं काय होतं? मी हो म्हटलं. त्यानंच नसरीनला फोन केला.

ती सकाळी आली. आधी तुमच्या फोटोसमोर उभी राहिली, तिनं दुवा मागितली, डोळे पुसले. मग माझा हात धरून म्हणाली, ‘‘आपके ऊपर जबरदस्ती नै अम्मा. वो बात तो बडी अम्मा बोले थे, आप नै बोले थे. आराम से जाओ बेटे के पास.’’

बघा. परक्या बाईच्याही ध्यानात होतं की मी बोलले नव्हते. इतकी वर्षं मी जे तुम्हाला पटवायला बघत होते, ते तिनं एका दमात मान्य केलं. मी मोकळी झाले. मला हायसं वाटायला हवं होतं. मी विचारलं, याला कुणी घेईल का? ती खोटं बोलली नाही. ‘‘तीसरी बार है अम्मा. मुश्किल है.’’

मला वाटलं होतं, तो येणार नाही. खाटेखाली घुसेल, गुरगुरेल, तिला चावेल, ओढून न्यावं लागेल. तसं झालं असतं तर मी दार लावून घेतलं असतं आणि मन घट्ट केलं असतं. पण तिनं त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि हा उठून उभा राहिला. मान खाली, शेपूट पायांत. तिच्यामागून ओसरी उतरला, अंगण ओलांडलं, फाटकाशी जाऊन थांबला. मागं वळून बघितलं नाही. गाडीचं दार उघडायची वाट बघत उभा राहिला. त्याला सगळं पाठ होतं, वन्सं. माणसं घरात घेतात, नाव घेऊन हाका मारतात, आणि एक दिवस पट्टा अडकवतात. तुम्हीसुद्धा त्यांच्यातल्याच, असं तो समजला होता.

ते मला सोसवलं नाही. तुमच्याविषयी त्यानं तसं समजावं, हे सोसवलं नाही.

मी अनवाणीच फाटकापर्यंत गेले. नसरीनच्या हातातून पट्टा घेतला. ‘‘राहू दे,’’ म्हटलं. मंदार मागून म्हणाला, ‘‘आई, मग तुझं काय?’’ मी म्हटलं, माझं काय असायचंय, मी इथंच आहे. तो चिडलाय. दुपारच्या गाडीनं गेला. येईल राग गेला की.

आता नीट ऐका, कारण हे मी पुन्हा सांगणार नाही. तुमच्या शब्दाखातर मी त्याला ठेवलेलं नाही. तो शब्द तुमचा होता, माझा नव्हे. तुम्ही मला विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे आणि वर भेटलो की मी ते पुन्हा काढणार आहे. आज मला कुणी विचारलं नाही. माझ्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही. मीच म्हणाले.

पट्टा काढला तसा तो तुमच्या खोलीत जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. दुपारी अंडी ठेवली तर मी खोलीबाहेर जाईपर्यंत तोंड लावलं नाही. त्याला मी आवडत नाही. नसू दे. या घरात लग्न होऊन आले तेव्हा मला तुम्ही आवडत नव्हतात, वन्सं, आणि तुम्हाला मी. कित्येक वर्षं नाही. आणि आता बघा, तुम्ही नाहीत तर माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही.